सेलरीचा वाफा

गुरुवारी सकाळी बग्गीला घोडी जुंपली आणि सासूबाईंकडे निघालो. त्यांच्या कानावर काही जाण्याआधी मला पोचायचं होतं. लोकांनी माझं लग्न ठरवलं होतं, आणि ते मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

कारण काय, तर सेलरी, ही लांब दांड्यांची भाजी. आमच्या पंथात मोटारी नाहीत, अजून बग्ग्याच चालतात, आणि लग्नाच्या जेवणाला सेलरी लागते. दुधात शिजवलेली वेगळी आणि टेबलावर बरण्यांत उभी केलेली वेगळी, आणि पाहुणे तीन-चारशे. म्हणून नोव्हेंबरात ज्या घरी लग्न, त्या घरी उन्हाळ्यात सेलरीचा मोठा वाफा. घरचे तोंड उघडत नाहीत, पण येणारेजाणारे वाफा बघून समजायचं ते समजतात. यंदा तसा वाफा माझ्या परसात आहे, आणि घरात मी एकटा. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मग लग्न कोणाचं, हे सांगायला कोणी लागत नाही.

खरं असं, की माझी बायको मालिंडा डिसेंबरात गेली. तिने धरलेलं बी फडताळात होतं. हिवाळा सरता सरता मी ते सगळंच्या सगळं खिडकीतल्या खोक्यांत पेरलं. किती पेरायचं ते तिला माहीत, मला नाही. रोपं दाट आली. ती विरळ करायची असतात, दुबळी उपटून फेकायची. मी उपटायला बसलो आणि एकही उपटवलं नाही. जूनमध्ये होती नव्हती तेवढी परसात लावून टाकली.

कोपऱ्यावरच जोनास ग्लिक भेटला. हा आमचा लोहार. घोडीच्या नालाकडे बघत म्हणाला, "काय नवरदेव, एवढ्या सकाळी?"

मी म्हटलं, तसं काही नाही. तो हसून म्हणाला, नसणारच. आमच्यात लग्न ऑक्टोबरात प्रार्थनासभेत जाहीर होईपर्यंत कोणी कबूल करत नाही. नाही म्हणणं हीच रीत आहे. त्यामुळे मी जितकं नाही म्हणत होतो, तितकी माझी तारीख पक्की होत होती.

पुढे भाजीच्या ठेल्यावर ॲनी स्मकरने हात करून थांबवलं. तिने तर बाईही शोधून ठेवली होती. दरीपलीकडची विधवा, दोन मुलांची, लव्हायना. मी म्हटलं, त्या बाईला मी आयुष्यात एकदा भेटलोय, तेही तिच्या नवऱ्याच्या दफनाला. ॲनी म्हणाली, मग ओळख आहे की. वर दोन काकड्या देऊन पैसे घेईना.

लाकडी पुलाच्या तोंडाशी पर्यटकांची बस आडवी उभी. अर्धे खाली उतरून आमच्या मक्याचे फोटो काढत होते. मक्याचे. एका बाईने घोडीच्या तोंडापुढे फोन धरला, घोडी मागे सरली, बग्गीचं चाक गवतात गेलं. मी हॅट खाली ओढून बसून राहिलो. बसचा ड्रायव्हर रोज माझ्या घरावरून जातो. खिडकीतून मान काढून त्याने माझं अभिनंदन केलं. म्हणजे बाहेरच्या लोकांनाही कळलं होतं. मग माझ्या सासूला कळायचं राहिलं असेल, ही आशा मी त्या पुलावर सोडली.

लोक काय म्हणतात त्याचं मला फारसं काही नाही. पण दर दुसऱ्या रविवारी, आमची सभा नसते तेव्हा, मी हॅना सासूबाईंकडे जातो. मालिंडाचं नाव आता त्या एकाच घरात निघतं. बाकीचे माझ्यासमोर हवापाण्याचं बोलतात. ते दार बंद झालं तर मला दुसरं नव्हतं.

त्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलीसाठी वर्षभर घालायचे काळे कपडे अंगावर. मान वर केली नाही.

"मला मंगळवारीच कळलं," म्हणाल्या.

"कळण्यासारखं काही नाहीये, आई."

"माझ्यापाशी तरी ते नाटक नको, इलाम."

मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बी, खिडकीतली रोपं, जून. त्यांचे हात थांबले.

"एकही उपटलं नाहीस?"

"नाही."

"कमजोरसुद्धा?"

"तिच्या बियाचं होतं ते."

मग त्यांनी शेंगांचं भांडं खाली आपटलं.

"गाढवा, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. पहिली रात्र तुझ्यावर रागवण्यात गेली. वर्षही झालं नाही माझ्या पोरीला, म्हटलं. दुसऱ्या रात्री मन वळवलं. ठरवलं, लग्नाला जायचं, बटाटे सोलायला बसायचं, त्या बाईला लेकीसारखं वागवायचं. देवाला तसा शब्द दिला. आणि आता सांगतोस बाईच नाही?"

मी म्हटलं, चुकलं माझं. नक्की काय चुकलं ते मला सांगता आलं नसतं.

"सेलरीला मातीची भर तरी घातलीस का?"

घातली नव्हती. मग आणखी ऐकून घ्यावं लागलं. दांडे हिरवे राहणार, कडू होणार, पोरीचं बी मातीत घातलं ते घातलं आणि वर ही हेळसांड. बोलत बोलत त्या आत गेल्या, कोंबडीचा रस्सा आणि बिटात मुरवलेली अंडी घेऊन आल्या, आणि मी बसलो नाही त्यावरही बोलल्या. मी बसलो.

जेवण होईपर्यंत त्या मालिंडाबद्दल बोलत होत्या. लहानपणी वाफ्यात बसून ती माती कशी खायची ते. मला हे माहीत नव्हतं.

निघताना मी घोडी जुंपत होतो तेव्हा त्या बग्गीपाशी आल्या.

"कधी खरंच कोणी असली," त्या म्हणाल्या, "तर रस्त्यावरून कळायला नको मला."

"नाही कळणार."

"आधी येऊन सांग. त्या दोन रात्री मला परत काढाव्या लागतील. तेवढा वेळ दे."