व्हिडिओतले सहा सेकंद

मी बेंजो. समुद्रकाठच्या दांडी गावातल्या कैलासचा. आमच्या बेंजो पार्टीच्या गाण्याचा व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. त्यात मी कितीतरी वेळा दिसतो, पण ऐकू येणारा एकही सूर माझा नाही.

माझी पेटी सागाची, शिरगावच्या एका सुताराने बनवलेली. वर पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. गावोगाव डीजे आले, तेव्हा माझ्या पहिल्या मालकाने वाजवणं सोडलं. सात वर्षं मी माळ्यावर होतो. मग कैलास आला. त्याने मला मांडीवर घेऊन फडक्याने पुसलं, एक तार छेडली आणि म्हणाला, "आवाज हाय अजून याच्यात."

कैलास बोईसरला कारखान्यात पाळीने कामाला होता. पाळी सुटली की लग्नात वाजवायचं. एप्रिल-मेमध्ये आज चिंचणीला हळद, उद्या पालघरला वरात, तिथून थेट कारखान्याच्या गेटवर. टेम्पोत मी त्याच्या मांडीवर असायचो आणि ढोल पायांवर. नाचणारी माणसं बेंजोवाल्याकडे बघत नाहीत. तो थांबला, तरच बघतात.

पार्टीचा मालक मितेश. त्याने फोनवर मोठ्या शहरांतल्या बँडचे व्हिडिओ पाहिले होते. धावती गाडी, क्षणाक्षणाला बदलणारी गावं, गाडीत जरा डुलकी की लगेच पुढचं स्टेज.

"आपला पन असाच काढू," तो म्हणाला. "गुजरातच्या सुपाऱ्या येतील."

लग्नाची तिथी नसलेला एक दिवस ठरला. बोईसरहून केदार कॅमेरा घेऊन आला. टेम्पो चिंचणीच्या एकाच रस्त्यावरून पाच वेळा गेला, व्हिडिओत त्याची पाच गावं झाली. पोरांनी एकाच वाडीत उभं राहून चार वेळा शर्ट बदलले. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं, ते मोठ्या स्पीकरवर वाजत होतं. माझी वायर कुठेच जोडलेली नव्हती.

कैलास सकाळची पाळी करून आला होता. धावत येऊन टेम्पोत चढायचा शॉट सातव्यांदा झाला, तेव्हा त्याने डावा खांदा धरला.

"हात भरून आलाय रे. पार कोपरापर्यंत."

माझा पट्टा त्याच खांद्यावर असतो. सीझनमध्ये तो खांदा दुखतोच, प्रत्येक बेंजोवाल्याचा दुखतो. मितेश हसला. "खांदा नाय दुखला तर बेंजोवाला कसला? घरी जाऊन वैनीकडून तेल लावून घे."

"आदी तिची भेट तर होऊ दे," कैलास म्हणाला. सगळे खिदळले.

पण धावताना आपटेन म्हणून मला दुपारभर टेम्पोतच ठेवलं होतं. त्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर नव्हतोच. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग केदार म्हणाला, "कैलासदादा, आता तुम्ही थकून झोपलाय असं दाखवा. डोकं बेंजोवर."

"त्याला काय ॲक्टिंग करायची?" मितेश म्हणाला. "चोवीस तास तसाच असतो."

कैलासने माझ्यावर गाल टेकला. त्याला घाम फुटला होता, आणि तो गार होता. गाणं सुरू झालं. त्याच्या हातातली नखी गळून पडली. मग त्याचा डावा हात माझ्या बटणांवर आपटला आणि तारा एकदम खणाणल्या. इतका वेडावाकडा आवाज मी कधी काढला नव्हता. स्पीकरच्या दणक्यात तो कुणाला ऐकू जाणार?

"भारी! हलू नका," केदार म्हणाला. त्याने दुसऱ्या बाजूनेही शॉट घेतला. एकदा उजेड नीट नव्हता, म्हणून पुन्हा घेतला.

"कट. उठा दादा."

"झोपला की खराच!" कुणीतरी म्हणालं. मितेशने हसत त्याला हलवलं. नंतर कुणी हसलं नाही.

फार वेळ गेला होता, एवढंच डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर मितेश आणि केदार दांडीला आले. मी कोपऱ्यात गोधडीखाली होतो. केदारने कैलासच्या बायकोला, नर्मदाला, फोन दाखवला. "वहिनी, तो झोपेचा शॉट आहे ना, तो मी काढून टाकतो. सहाच सेकंद आहेत."

नर्मदाने ते पाहिलं. "परत लाव," म्हणाली. तीनदा पाहिलं.

"इथं झोपलाय ना त्यो?"

केदारने फोन खिशात घातला. मितेश म्हणाला, "हो वैनी. दमला होता."

"मंग राहू दे. सीझनात घरात पाठ टेकलेला कदी दिसलाच नाय. हितं तरी दिसतो."

मितेश उठून ओट्यावर गेला. बराच वेळ आत आला नाही.

तो व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. खाली लिहितात, 'काय लाइफ आहे राव यांची!' गुजरातच्या सुपाऱ्याही आल्या. मितेशने नवा बेंजोवाला घेतला आहे, त्याचा बेंजोही नवा आहे. माझ्या तारांना खाऱ्या हवेने गंज धरलाय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तुम्हाला हे सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. पण कधी दांडीला आलात, तर नर्मदाला सांगू नका. तिला कळलंही असेल. तरी सांगू नका.