दोघींत एक पुडी

पनवेलच्या एसटी स्टँडामागच्या दवाखान्यात पोटाच्या दुखण्यावर चिनी औषधाची चाचणी घेणार असल्याचं कळलं, तेव्हा जनी आणि तिची थोरली जाऊ ठमाबाई एकाच रिक्षाने नावं द्यायला गेल्या. दोघींची पोटं वर्षानुवर्षं बिघडलेली. कधी मुरडा, कधी जुलाब, तर कधी दिवसच्या दिवस काहीच नाही. जनीच्या तपासण्यांत कधी काही सापडलं नव्हतं. ठमाबाईने तपासण्या केल्याच नव्हत्या.

जनीला घेतलं. ठमाबाई आतून बाहेर आली ती पदर सारखा करत.

"मना नाय घेतलं. वय झालं बोलली."

"तुजं? तू तर वऱ्हाडात निघाल्यासारखी नटून आलीस."

डॉ. प्राचीने जनीला नीट समजावून सांगितलं होतं. निम्म्या लोकांना मुळ्या-सालींची चिनी पूड मिळणार, निम्म्यांना तशाच रंगा-वासाची नुसती पूड. कोणाला काय मिळालं, ते चाचणी संपेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. पुडी सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घ्यायची आणि दुसऱ्या कोणाला द्यायची नाही.

घरात पुरुषांची जेवणं उरकली की दोघी जावा एका ताटात जेवत. जमिनी गेल्या, बंगला झाला, डायनिंग टेबल आलं, तरी यांचं ताट एकच राहिलं. माशाची एकच तुकडी उरली तर ती मधून मोडायची. पहिल्याच संध्याकाळी जनीने पूड ढवळली, अर्धी प्यायली आणि पेला ठमाबाईपुढे सरकवला.

"डाक्टरीन नको बोलली ना?"

"डाक्टरीन आपल्या ताटात जेवते का?"

ठमाबाईने नाक मुरडून पेला रिकामा केला.

महिनाभरात जनीचा मुरडा जरा हलका झाला. ठमाबाईचा तर जवळजवळ थांबलाच. ती पोटभर जेवू लागली, जनीजवळ चिनी औषधाचे गोडवे गाऊ लागली. दवाखान्यात विचारलं की जनी सांगे, सगळ्या पुड्या घेतल्या, आणि रिकामी पाकिटं टेबलावर ठेवी.

शेवटच्या भेटीत तिने डॉक्टरांना सरळच विचारलं, "उरलेल्या पुड्या असल्या तर द्या. माज्या जावेला लय गुन आलाय."

"जावेला?"

"अर्धी ती घ्यायची. ठमाबाय. तुमी वयामुलं नाय घेतलीत ती."

डॉ. प्राचीने पेन खाली ठेवलं.

"वयामुळे नाही, जनीताई. त्यांच्या शौचातून रक्त जात होतं. आतड्याची दुर्बीण लगेच करून घ्या म्हणून बजावलं होतं मी. केली नाही त्यांनी?"

जनी घरी आली तेव्हा ठमाबाई ओट्यावर सुकट निवडत होती. जनीने चपलाही काढल्या नाहीत.

"बाय, तुला रगत जातं?"

ठमाबाईचे हात थांबले नाहीत. "पाठीमागनं नली घालतात बोलली. लाज वाटली मना. मग तुज्या पुडीनं दुखायचं थांबलं, म्हनून ऱ्हायलं."

"आनि रगत?"

"ते जातंच."

दुर्बिणीत गाठ दिसली. पुढच्या तपासणीत ती यकृतापर्यंत पोचलेली निघाली. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच आणलं असतं तर ऑपरेशनने भागलं असतं कदाचित, असं मोठ्या डॉक्टरांनी ठमाबाईच्या नवऱ्याला, बळीरामला सांगितलं. घरी आल्यावर तो बायकोसमोर उभा राहिला.

"तुला अडवली कोनी होती?"

जनी स्वयंपाकघराच्या दारात होती.

"कोनी नाय," ठमाबाई म्हणाली.

चाचणीचा निकाल लागेपर्यंत ठमाबाईने अंथरूण धरलं होतं. दवाखान्यातून जनीला फोन आला. तिने तो खाटेशेजारी बसूनच घेतला.

"काय बोलतात?" ठमाबाईने विचारलं.

"माजी पूड खरी होती."

ठमाबाईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "म्हंजे तू मना खोटं नाय पाजलंस. उगाच जिवाला लावून घेतलंस."

"खोटी असती तर बरं झालं असतं, बाय. तुजं पोट दुखत ऱ्हायलं असतं. कलवललीस तरी असतीस, तर घरच्यांनी उचलून नेली असती तुला."

ठमाबाईने जनीचा हात चाचपून धरला.

"पुडीचं घरात कोनाला सांगू नको," ती म्हणाली. "मी गेल्यावर पन नको."