खचलेली गादी आणि आईचा शोकुलो

मी एक जुनी काळी व्होल्गा मोटार आहे. मित्रांनो, हसू नका. नारीनच्या डोंगरांत एके काळी माझा भोंगा वाजला की पोरं वर्गातून उठून खिडकीशी यायची.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो एसेनबेकचा हात. मला घरी आणलं तेव्हा तो मला स्वतःच्या टोपीनं पुसायचा. त्याची बायको उमसुनाई देहानं भक्कम. मागच्या सीटवर, उजवीकडे, मांडीवर मुलगी आणि पायाशी घोडीच्या दुधाचा बुधला. वीस वर्षं तीच जागा. तिथल्या स्प्रिंगा हळूहळू दबल्या आणि गादीत खड्डा पडला. "ही गाडी नाही, माझा पाळणा आहे," ती म्हणायची.

ती वारली आणि मला अंगणाच्या कडेला ढकललं. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. ज्यांना मी बर्फातून दवाखान्यात पोचवून जगवलं, तेच येताजाता माझ्या चाकाला लाथ मारत. गरज सरो, वैद्य मरो! येत्या सोमवारी भंगारवाला येणार होता.

त्याआधी, शनिवारी, बुरुलचाचं लग्न होतं. उमसुनाईच्या मांडीवरची तीच ती मुलगी. नवरदेव एर्मेक शहरातून लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. देखणी होती, खोटं कशाला बोलू? तिच्या अंगावरून ढग चालत होते. ती उभी असली तरी धावते आहे असं वाटे. मी धावले तरी उभीच वाटायचे. शर्यतीच्या घोडीशेजारी याक, तशी मी.

बुरुलचा बाहेर आली. डोक्यावर आईचा शोकुलो, म्हणजे नवरीची हातभर उंच निमुळती टोपी, टोकाला घुबडाची पिसं. आमच्या गावात ती माहेरी चढवली की सासरच्या उंबऱ्यापर्यंत उतरवत नाहीत. बुरुलचा वाकली, मान तिरकी केली. टोपी लाल गाडीच्या छताला अडली ती अडलीच.

"काढ ना घटकाभर, मांडीवर घे," एर्मेक म्हणाला.

"आईचा आहे. नाही काढणार." तिचे डोळे भरले.

"अहो जावईबापू," बुरुलचाची सायराकान वहिनी कडाडली, "गाडी आणलीत की चप्पल? आत बसायचं, की पायात घालायची?"

सगळं अंगण हसलं. बुरुलचा तेवढी हसली नाही.

एसेनबेक माझ्याकडे आला. त्यानं कोंबडी हाकलली, गादी झटकली, चाकांत हवा भरली. लाल गाडीच्या बॅटरीला तारा जोडून मला जागं केलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

"बस, पोरी."

ती उजवीकडे बसली, त्या खड्ड्यात. टोपी कुठे अडली नाही. पिसं तेवढी छताला हळूच टेकली.

"बाबा, किती खोल आहे हो हे!"

"तुझ्या आईनं केलंय," तो म्हणाला, आणि भोंगा वाजवला.

मग मी निघाले आणि दरी तरंगू लागली. चिनारांच्या सावल्या माझ्या काचेवरून वाहत होत्या. मागून लाल गाडी माझ्या चालीनं येत होती, अगदी सावकाश. गादीवर एकीचंच वजन होतं, पण मला दोघींचं जाणवत होतं.

सोमवारी भंगारवाला आला. एसेनबेकनं त्याला चहा पाजला, रोटी दिली.

"आणि गाडी?"

"तिच्यात माणूस बसलंय," एसेनबेक म्हणाला.

मित्रांनो, नव्याचं कौतुक खुशाल करा. पण कुणाची गादी खचली म्हणून त्याला भंगारात काढण्याआधी, ती कुणाला मांडीवर घेऊन खचली, एवढं तरी विचारा.