गळक्या छताखालची चौरी

मी एक जुनी चौरी आहे, मित्रांनो. माझे केस याकाच्या शेपटीचे, मूठ चांदीची. पेशावरच्या एका सोनाराने मला घडवले आणि मी डोंगराकडच्या या बाजारगावातल्या गुरुद्वाऱ्यात आले. माश्या हाकलायला नव्हे हं. आमच्यात ग्रंथ म्हणजे साक्षात गुरू, महाराज. सकाळी ते गादीवर बसत, संध्याकाळी निजायच्या खोलीत जात. ते बसलेले असताना मी त्यांच्यावर डुलायचे. मला हातात घ्यायला बायकामुलांची झुंबड उडे आणि मी मनातून फुगून जाई.

मग बाजारात आमच्या एका शीख दुकानदाराला कुणीतरी गोळी घातली. भीतीने आमचे एकेक घर रिकामे झाले. मागे राहिले म्हातारे रवेलसिंग आणि त्यांची विधवा सून बसंत. दोघेच ग्रंथाचा पाठ वाचत, दोघेच रोट्या भाजत, आलागेला पठाण शेजारी जेवून जाई.

एका पावसाळ्यात गादीवरचेच छत गळू लागले. इमारतीचा ताबा सरकारी कचेरीकडे, तिच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही. अर्ज केले, हेलपाटे घातले, सगळे पालथ्या घड्यावर पाणी. रवेलसिंगांना झोप लागेना. आपण कोरडे आणि महाराज ओले?

शेवटी त्यांनी ग्रंथ डोक्यावर घेतला. अनवाणी चालत गाडीपर्यंत नेला, मागून बसंत मला ढाळत होती. छत दुरुस्त होईपर्यंत महाराज पेशावरच्या मोठ्या गुरुद्वाऱ्यात राहायचे ठरले. मला मात्र रवेलसिंगांनी परत आणून गादीशेजारच्या खिळ्याला टांगले. महाराज येतील तेव्हा शोधाशोध नको, म्हणाले.

करायला गेले एक आणि झाले भलतेच. इतके दिवस न फिरकलेला कचेरीतला साहेब नेमका आता आला. त्याने रिकामी गादी पाहिली.

"ग्रंथ नाही, म्हणजे गुरुद्वारा बंद. जागा रिकामी आहे."

"साहेब, छत गळतंय म्हणून महाराजांना पाहुणचाराला धाडलंय," रवेलसिंग म्हणाले. "घर सोडलं नाही हो आम्ही."

"चाचा, मला दिसतं तेच मी लिहिणार."

त्याने बाहेरून कुलूप लावले.

रवेलसिंग रोज सकाळी त्या कुलपासमोर उभे राहून अरदास, म्हणजे आमची प्रार्थना, म्हणत. दाराच्या फटीतून मला त्यांचा आवाज येई. तो दिवसेंदिवस बारीक होत गेला. मग एका सकाळी बसंतचा एकटीचा आवाज आला. "बाबूजी गेले," ती दाराला म्हणाली. "मला भाऊ न्यायला आलाय. मी काय करू, सांगा ना कुणीतरी."

मी काय सांगणार? मला हात लागतो तेव्हाच मी हलते. तेव्हापासून दारापाशी कुणी आलेले नाही. गादीवर पाणी ठिबकते आहे, माझ्या केसांना कसर लागली आहे. मला फार भीती वाटते.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत मूठभर माणसांचे एखादे देवाचे घर असेल, तर त्याचे छत गळते तेव्हाच शिडी घेऊन जा. आणि दाराला कुलूप दिसले, तर आत कुणी नाही असे समजू नका. मी अजून खिळ्याला आहे.