अंजनाबाईंचं न भरलेलं गाणं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. टेपरेकॉर्डर म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काही जणांना आजोबांनाच विचारावं लागेल. विचारून या, मी थांबतो. थांबायची मला आता चांगलीच सवय झाली आहे. भिलाईच्या स्मृति नगरात एका घराच्या माळ्यावर, फुटक्या कूलरच्या शेजारी, मी कित्येक वर्षं नुसता थांबलोच होतो.

माझा जन्म कारखान्यातला. काळं अंग, दोन गोल स्पीकर, पोटात कॅसेटचा कप्पा आणि वर बटणांची रांग. त्यात एक बटण लाल. ते दाबलं की मी समोरचा आवाज माझ्या बारीकशा माइकने टिपून कॅसेटवर भरून ठेवायचो. गाणी वाजवणारी यंत्रं पुष्कळ, पण मला ऐकताही येत होतं, याचा मला फार अभिमान होता. सिव्हिक सेंटरच्या दुकानातून मारोतरावांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, अंजनाबाईंनी, माझ्यावर घालायला क्रोशाचा रुमाल विणला. नव्या सुनेचंसुद्धा एवढं कौतुक होत नसेल!

मारोतराव स्टील प्लांटात फिटर होते. माणसं मूळची भंडाऱ्याकडची. सुरुवातीला माझ्यावर भीमगीतं आणि सिनेमाची गाणी वाजत. मग छत्तीसगड राज्य नवं नवं झालं, त्या सुमारास दुर्गच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन गार्ड निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी निघाला. जाताना त्याने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरलेल्या कॅसेट मारोतरावांच्या हाती ठेवल्या. त्या जॅझच्या आणि ब्लूजच्या होत्या. त्यांच्यावरची नावं पुसून गेलेली. मारोतरावांनी पहिली कॅसेट माझ्या पोटात घातली आणि एक बाई गाऊ लागली. जाड, दमलेला, पण न हरलेला आवाज. मारोतरावांनी हातातला चहा तसाच निवू दिला.

"काय म्हनून राहिली ते समजत नाही अंजना," ते म्हणाले, "पन कावून म्हनून राहिली ते समजते." कावून म्हणजे कशासाठी.

नावं माहीत नव्हती, म्हणून मारोतरावांनी त्या कलावंतांचं बारसं स्वतःच केलं. गाणारी ती मोठी बाई. तुतारीसारखा ट्रम्पेट वाजवणारा तो गालफुग्या. सगळे पुढे पळत असताना मुद्दाम मागे रेंगाळत पियानो वाजवणारे ते आळशीबुवा. दर रविवारी सकाळी ते मित्रांना बसवून समजावत. "ऐक भाऊ, ताल गेला पुढं, आन् हा पाय इकडं अजून मागंच. पन पडते का? नाही पडत!" ब्लूज गाणारी बाई एक ओळ म्हणते, तीच पुन्हा म्हणते आणि तिसऱ्या ओळीत त्या दुःखाला उत्तर देते, हे त्यांनी कुणी न शिकवता ओळखलं होतं. पुढे त्यांना कळलं, की हे कलावंत म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची नातवंडं-पतवंडं. ज्या थिएटरात ती वाजवायची, तिथे त्यांना मागच्या दाराने आत घेत. ते कळलं त्या रविवारी मारोतराव कॅसेट संपल्यावर एवढंच म्हणाले, "आपलीच मानसं आहेत हे."

त्यांचे शेजारी भाऊराव मात्र वैतागायचे. "हे गानं आहे का शिफ्टचा भोंगा?" असं चिडवायचे. एकदा गालफुग्या ऐन रंगात आलेला असताना भाऊराव मला बंद करायला उठले आणि त्यांची दोन बोटं लाल बटणासकट खाली गेली. गाणं थांबलं, म्हणून मी बंद झालो असंच सगळ्यांना वाटलं; कळेपर्यंत बराच वेळ गेला. गालफुग्याच्या जागी कॅसेटवर पंख्याची घरघर भरली गेली. मारोतराव आठवडाभर भाऊरावांशी बोलले नाहीत.

खरं तर कॅसेटच्या पाठीवरचे दोन इवलेसे तुकडे मोडले, की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. पण प्लांटच्या फिटरचं तेवढ्याने समाधान कसं व्हावं? मारोतरावांनी मला उघडलं आणि लाल बटणाखाली लोखंडाची पट्टी ठोकून स्क्रूने आवळून टाकली. आता हत्ती बसला असता तरी ते बटण खाली गेलं नसतं. त्या कॅसेट त्यांनी तळहाताच्या फोडासारख्या जपल्या. माझे कान मात्र त्या दिवशी बंद झाले.

कॅसेटवर भरणं बंद झालं एवढंच. घरातलं बाकी सगळं माझ्यासमोरच होत होतं. अंजनाबाई तांदूळ निवडताना गायच्या. त्यांची आई भंडाऱ्याकडे विड्या वळायची. तिच्यावर त्यांनी स्वतःच गाणं जुळवलं होतं. तेंदूच्या पानांचं, पिवळ्या पडलेल्या बोटांचं. पहिली ओळ म्हणायच्या, तीच पुन्हा घोळवायच्या आणि तिसऱ्या ओळीत असा आवाज टाकायच्या, की माझ्या स्पीकरच्या पडद्याला कापरं भरायचं. मोठी बाई करायची ते सगळं त्यात होतं. मारोतराव तेव्हा खुर्चीत बसून डब्यातली पुढची कॅसेट शोधत असायचे.

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात विहारात अंजनाबाईंनी ते गाणं म्हटलं आणि बायकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. घरी येऊन त्या हात पुसत माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"आवं, एकडाव माहं गानं भरून देता का याच्यात? माईले धाडते. तिचं येनं आता होत नाही. ऐकंन तरी बिचारी."

मारोतराव म्हणाले, "पट्टी ठोकली ना मी. काढली का पुन्हा कोनी तरी मिटवून टाकंन. नवीन कॅसेट आनू, मंग पाहू."

"बरं," अंजनाबाई म्हणाल्या. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. त्यांच्या आईने ते गाणं न ऐकताच डोळे मिटले. मारोतराव काही वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. बायकोचा आवाज घरातच आहे, तो कुठे जातो, असं त्यांना वाटलं. पण तो गेला. काही वर्षांनी अंजनाबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमुळे जीव वाचला, पण आवाज गेला. मोबाइलवर गाणी आणि चेहरे साठवायचे दिवस आमच्या घरात अजून उजाडले नव्हते. त्यानंतर अंजनाबाई नुसतं कुजबुजतात, तेही जवळ कान नेला तर ऐकू येतं.

मारोतराव निवृत्त झाले, प्लांटचं क्वार्टर सुटलं, आम्ही स्मृति नगरात आलो आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यावर धूळ बसली. क्रोशाचा रुमाल उंदरांनी नेला. परवा मात्र मला अचानक खाली काढलं. लेक समीक्षा आपल्या लहान मुलीला घेऊन माहेरी आली होती.

"बाबा, आईच्या आवाजाचं काही तरी आहे ना आपल्याकडे?" तिने विचारलं. "इसको सुनाना है. नानी गाती थी बोलती हूँ, तो मानती ही नहीं."

मारोतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी डबा उघडला आणि एकेक कॅसेट लावली. कुठे तरी चुकून, गाण्यामागे तरी अंजनाबाईंचा आवाज सापडेल, या आशेने. गालफुग्या वाजला, आळशीबुवा वाजले, परक्या देशातल्या लोकांनी वाजवलेल्या टाळ्या वाजल्या. मोठी बाई गायली. अंजनाबाई कुठेच नव्हत्या.

मग मारोतरावांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. गंजलेली पट्टी निघता निघेना, बोट कापलं, तरी त्यांनी ती काढलीच. मोठ्या बाईची कॅसेट आतच होती. ती बाहेर न काढता त्यांनी मला अंजनाबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि लाल बटण दाबलं.

"एकडाव गा ना अंजना."

"आता कावून?" अंजनाबाई कुजबुजल्या.

"मी म्हनतो तं," म्हणून मारोतरावांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. गालफुग्याचा एकेक सूर ज्यांना पाठ होता, त्यांना बायकोच्या गाण्यातला पहिला शब्दही येत नव्हता. अंजनाबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओळ सांगितली. ती त्यांनी बेसूर म्हटली, पुन्हा म्हटली आणि तिसऱ्या ओळीसाठी कान पुढे केला. अंजनाबाई बराच वेळ आठवत राहिल्या. मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ती ओळ आता त्यांच्याजवळही नव्हती.

मित्रांनो, मला धूळ पुसून वापरा, सेल काढून ठेवा, असं काही मी मागत नाही. माझं आयुष्य होऊन गेलं आहे. दूरच्या कलावंतांना जीव लावा, जरूर लावा. ते त्या प्रेमाच्या लायकीचेच आहेत. पण आज तुमच्या घरात कुणी काम करता करता गुणगुणत असेल, तर हातातलं ठेवा, जवळ जाऊन बसा आणि म्हणा, "पुन्हा म्हण ना." एवढंच वाक्य आहे. मारोतरावांनाही ते सुचलं, पण तोवर अंजनाबाईंपाशी म्हणायला काही उरलं नव्हतं.