उगमाचा रकाना

हिंदुराव गोठ्याच्या दारातली फरशी जरा जास्तच घासतो आहे, असं श्यामलाबाईंना वाटलं. फिनेल ओतून, खराट्याने, तेही एकाच जागी. आत बावीस जनावरं उभी असताना दारातच एवढं काय सांडलं होतं?

श्यामलाबाई पशुरोगांच्या कचेरीत नोंदणीचं काम करत. कुठे कोंबड्या मेल्या, कुठे जंगलातली हरणं पटापट पडली, कुठे गाय लंगडू लागली, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. तिथून दिल्लीला आणि दिल्लीहून जगाच्या यादीत. या पंधरवड्यात पुण्यापुढे लाळ्या-खुरकूत लिहावं लागणार होतं. कसबा पेठेत देवळांपुढे घासासाठी बांधलेल्या चार गाई आणि इथे कर्वेनगरला हिंदुरावची सहा जनावरं. तोंडात फोड, खुरांत जखमा, लाळेच्या तारा.

रोग कुठून आला, यासाठी फॉर्मवर एक रकाना होता. साहेब, डॉक्टर जोगळेकर, यांच्या मते तो भरल्यातच जमा होता. बाहेरगावहून जनावरं आणतो कोण? रोज टेम्पोने पेठेत दूध पोचवतो कोण? "शुक्रवारी पाचपर्यंत नाव लिहा, म्हणजे जगाला झोप लागेल," ते म्हणाले होते. नाव लिहिलं की महापालिका गोठा उठवणार, हे ठरलेलंच. नोटीस तयार होती. हिंदुरावच्या बापजाद्यांच्या शेतात आता सोसायट्या उभ्या होत्या. गोठा गेला तर जनावरं न्यायची कुठे, हा त्याचा प्रश्न.

श्यामलाबाई त्याला चांगल्या ओळखत. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता आणि महिनाभर रोज पाच गाईंना घास घातल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. पहिल्या बसने ताटली घेऊन पेठेत जाऊन चार गाई, परत येताना गोठ्याच्या दारात पाचवी, हिंदुरावची कपिला. मग घरी दोन घास आणि कचेरी. रोग कळल्यापासून त्या नुसतं दुरून हात जोडत आणि उपाशीच कचेरीत जात.

गुरुवारी त्या वही घेऊन बसल्या. नवी गाय कुठून आणली, विचारलं. नगरकडनं, तो म्हणाला. कधी? झाले की पंधरा-वीस दिवस. पावती? शोधावी लागेल. बोलताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता, खराट्याकडे बघत होता. बाईंनी प्रत्येक उत्तर लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यांची खात्री होत गेली. लपवणाऱ्या माणसाचीच मान अशी खाली असते.

"हिंदुराव, खरं सांगा. तुमच्यामुळे पेठेतल्या गाई आजारी पडल्या. देवळापुढे बसणाऱ्या मैनाची गाय चारा खात नाही. त्या बाईचं पोट त्या गाईवर आहे."

त्याने खराटा भिंतीला टेकवला.

"मैनाची कधी पडली?"

मागच्या आठवड्यात मंगळवारी, बाईंनी वहीत बघून सांगितलं. उरलेल्या तिघी शुक्रवारी आणि शनिवारी.

"आन् माझी कपिला रविवारी. बाकीची तिच्यामागनं. ती नगरची गाय बघा, त्या कोपऱ्यात. धडधाकट हाय. रोग माझ्याकडनं गेला, का माझ्याकडं आला?"

"आला तर कोणाकडून आला?"

तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही देवाचं करता. माझ्या तोंडानं कसं सांगू? तुमच्या ताटलीत रोज ओले तुकडे असायचे. आधीच्या गाईच्या तोंडातनं पडलेले. तुम्ही उचलून कपिलेला द्यायच्या. म्हणून तर ही जागा घासतोय."

श्यामलाबाईंनी वहीतल्या तारखा पुन्हा वाचल्या. गाईच्या तोंडातून पडलेला घास टाकायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही, हे त्यांना आईने शिकवलं होतं. उचलायचा, पुढच्या गाईला घालायचा. फोड दिसण्याआधीच लाळेतून रोग बाहेर पडतो, हे त्यांनी स्वतः किती पत्रकांत टाइप केलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि इतक्या वर्षांत एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

शुक्रवारी त्यांनी रकाना भरला. मैनाच्या गाईला रोग कुठून आला ते अज्ञात. पुढचा प्रसार श्यामला बाळ गोडबोले, नोंदणी विभाग, यांच्या ताटलीतून. हिंदुरावचा गोठा शेवटी बाधित. खाली पाचही गाईंच्या तारखा.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नुसतं अज्ञात लिहा ना. तेवढ्यावर भागतं."

"मग महापालिका हिंदुरावचाच गोठा उठवेल, साहेब."

"आणि तुमची चौकशी लागेल. व्रत केल्याबद्दल चौकशी, असं आपल्या कचेरीत अजून घडलं नव्हतं."

बाईंनी कागद पुढे सरकवला. साहेबांनी पेन उचललं आणि सही केली.

शनिवारी सकाळी त्या पेठेत गेल्या, रिकाम्या हाताने. मैना गाईच्या तोंडाला औषध लावत होती. पुढे चार-पाच बायका पोळ्या घेऊन उभ्या होत्या. आजारी गाईला घातलेला घास जास्त पावतो, असं त्यांच्यात बोलणं चाललं होतं. श्यामलाबाई गाईपुढे आडव्या उभ्या राहिल्या आणि घास घालू नका म्हणाल्या.

एकीने त्यांना खालून वर न्याहाळलं. "तुमचं झालं वाटतं व्रत पुरं, म्हणून आता आमचं अडवताय?"

"पुरं नाही झालं," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि कशामुळे नाही झालं ते सांगते. आधी ताटल्या खाली ठेवा."