हवा धरलेली गाडी

मांजरसुंब्याच्या घाटात बॉनेटमधून वाफ उसळली, त्या दिवसापासून शिवलिंगप्पांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कपिलधारचं दर्शन घेऊन परतत होते. शेजारी बायको शिवगंगा, मागं नात झोपलेली, एका अंगाला दरी. गेला होता नुसता पाण्याचा पंप, पण आप्पांनी धसकाच घेतला.

तलवाड्याच्या बिभीषण मेकॅनिकनं नवा पंप बसवला, कूलंट भरलं आणि तो बहिणीकडं शिरूर कासारला गेला. सून प्रणितानं गाडी बाहेर काढली, तर गाव ओलांडायच्या आत तापमानाचा काटा लाल रेघेकडं चढला. तिनं तिथंच गाडी बंद केली आणि चौघांकडून ढकलत दारात आणली.

"इकून टाकू," आप्पा म्हणाले. "एकदा वाचलो. देवाला किती येळा त्रास द्यायचा?"

 गेवराईच्या दवाखान्यात नर्स म्हणून प्रणिताला सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि सकाळच्या पाळीला पोचेल अशी एसटी नव्हती. तिनं बिभीषणला फोन लावला.

"हीटर लावून बघितला का, ताई?"

"बघितला. काटा वर, अन् हवा गार."

"मग सिस्टीमनं हवा धरलीय, पाणी फिरंना. घाईत माझ्याकडूनच ऱ्हायलं बघा. इंजिन पार गार होऊ द्या, तवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. गाडीचं तोंड चढावर करून लावा. अन् एकट्यानं जमायचं न्हाई. एकानं कूलंट वतायचं, एकानं हवेचा स्क्रू धरायचा."

फोन ठेवून तिनं सासऱ्यांकडं पाहिलं.

"माझ्याकडं का म्हून बघतीस?"

"सासूबाईंचा गुडघा दुखतोय, आप्पा. घरात दुसरं कोन हाय?"

दुपार कलल्यावर इंजिनाला हात लावला तर थंडगार. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाताला घेऊन दोघांनी गाडी ढकलून दारासमोरच्या चढावर लावली, मागच्या चाकांना दगड दिले. प्रणितानं हीटर पूर्ण गरमवर फिरवला आणि झाकण उघडून नरसाळ्यातून कूलंट ओतायला लागली. आप्पांनी वरच्या पाइपावरचा हवेचा स्क्रू सैल केला. फुसकन आवाज आला आणि ते दोन पावलं मागं सरले.

"हवाच हाय, आप्पा."

ते पुन्हा वाकले. स्क्रूपाशी फेस आला, बुडबुडे आले, मधेच हिरवं पाणी थुंकल्यासारखं उडालं. लेव्हल भराभरा खाली जाई, प्रणिता पुन्हा ओते.

"लई हवा व्हती गं हिच्या पोटात," आप्पा पुटपुटले. शेवटी बुडबुडा नसलेली सलग धार लागली. "हां, आता आली. थांब!" त्यांनी स्क्रू आवळला. प्रणितानं झाकण लावून गाडी सुरू केली.

काटा चढायला लागला. आप्पा खिडकीतून आत वाकून त्याच्याकडं टक लावून उभे. मध्यावर येऊन काटा थांबला. थोड्या वेळानं पंखा घुर्र करून फिरला, बंद पडला. प्रणितानं त्यांचा हात धरून हीटरच्या जाळीपुढं नेला. उन्हाळ्याच्या दिवसांत ती कढत हवा अंगावर घेऊन आप्पा हसले.

इंजिन निवल्यावर लेव्हल थोडी उतरली होती, ती भरून गाडी तपासायला दोघं गेवराईच्या रस्त्याला लागले. प्रणिता चालवत होती. आप्पा रस्ता सोडून काट्याकडंच बघत होते. निम्म्या वाटेत त्यांनी मान वर केली. दोन्हीकडं ऊस उभा होता.

"बाजूला घे बरं जरा," ते म्हणाले.

"काय झालं, आप्पा?"

"काय न्हाई. हितनंच फिरू. परत जाताना मी चालवतो."